स्ट्रोकवरचा उंदरांचा पेपर कसा वाचायचा? आधी घड्याळ बघा

दर काही महिन्यांनी एक बातमी फिरत येते, स्ट्रोकनंतर मेंदू वाचवणारा रेणू सापडला म्हणून, आणि कुणीतरी ती मला पाठवतं, खाली प्रश्न, हे खरंय का आणि औषध कधी येणार. बातमी बरेचदा खोटी नसते. पेपर असतो, चांगल्या जर्नलमध्ये असतो, उंदराच्या मेंदूतला मेलेला भाग खरंच निम्म्यावर आलेला असतो. पण त्याचा अर्थ काय लावायचा हे कळायला पेपर वाचता यावा लागतो, आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला ते येत नव्हतं. पहिल्याच जर्नल क्लबला, म्हणजे सगळ्यांनी बसून एका पेपरवर चर्चा करायच्या बैठकीला, मी असा एक पेपर घेऊन गेलो, चाळीस मिनिटं सिग्नलिंगचे बाण दाखवले, हा प्रोटीन त्याला दाबतो, तो याला उठवतो, आणि शेवटी मागून सरांनी एवढंच विचारलं, "उंदराला औषध कधी दिलं?" मला माहीत नव्हतं. तिथेच मेथड्स, म्हणजे प्रयोग कसा केला तो भाग, उघडून बघितलं तर धमनी बंद करायच्या अर्धा तास आधी. म्हणजे पेशंटने स्ट्रोक यायच्या आधीच ॲम्ब्युलन्स बोलवायची. सगळे हसले, मी सोडून.

तेव्हापासून मी असे पेपर ज्या पद्धतीने वाचतो ती इथे लिहितोय. एमएस्सी, फार्मसी, मेडिकलच्या मुलांना कामाला येईल, आणि ज्यांचा या विषयाशी संबंध नाही पण अशा बातम्या वाचून आशा लागते त्यांनाही थोडंफार.

पेपर उघडायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर आडवी रेघ मारा. डाव्या टोकाला शून्य, मग मिनिटं, मग तास, दिवस, आठवडे. इस्केमिक स्ट्रोकची, म्हणजे रक्त अडल्याने येणाऱ्या स्ट्रोकची, सगळी बायॉलॉजी या रेघेवर बसते. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के पण ऑक्सिजन खातो २० टक्के, आणि साठा जवळपास काहीच नाही, त्यामुळे गुठळीने धमनी बंद झाली की पहिल्या काही मिनिटांतच एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, संपायला लागतं. सोडियम पोटॅशियमचे पंप बंद पडतात, पेशीचं विद्युत संतुलन कोसळतं, ग्लुटामेट हा पेशींना उत्तेजित करणारा निरोप्या रेणू बाहेर सांडतो, तो शेजारच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या दारावर बसतो आणि आत कॅल्शियमचा लोंढा घुसतो. याला एक्सायटोटॉक्सिसिटी म्हणतात, हा शब्द ओल्नीने १९६९ मध्ये आणला. रेघेवर हे सगळं अगदी डावीकडे लिहा. त्याच्या उजवीकडे तासांच्या घरात मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली वीजघरं बिघडणं, फ्री रॅडिकल, रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा म्हणजे ब्लड ब्रेन बॅरियर गळायला लागणं, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आत शिरणं. मग दिवसांच्या घरात प्रतिकारशक्तीच्या बाकीच्या पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया (मेंदूतल्याच), मॅक्रोफेज, टी सेल, आणि सूज. आणि पहिला आठवडा संपता संपता दुरुस्तीची कामं रंगात येतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, उरलेले न्यूरॉन म्हणजे मेंदूच्या चेतापेशी नवे फाटे काढतात, आणि हे पुढे कित्येक आठवडे चालतं.

या रेघेवर अजून एक गोष्ट लागते, ती म्हणजे जागा. सगळा भाग एकदम मरत नाही. मेंदूत दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त येतं, ते २० च्या खाली गेलं की न्यूरॉनची कामं बंद पडतात पण पेशी जिवंत असते, १० च्या खाली गेलं की पेशीचं आवरणच टिकत नाही. मधला जो गप्प बसलेला पण न मेलेला पट्टा आहे तो पेनम्ब्रा, आणि ॲस्ट्रुप वगैरे मंडळींनी १९७७ ते ८१ च्या सुमारास ही कल्पना मांडल्यापासून स्ट्रोकमधली तातडीची सगळी धडपड हा पट्टा वाचवायची आहे. माणसात मोठी धमनी बंद असेल तर मिनिटाला साधारण १९ लाख न्यूरॉन जातात असा २००६ चा अंदाज आहे, त्यामुळे पेनम्ब्रा ही काही कायमची जागा नाही, ती दर मिनिटाला आतून पोखरली जात असते.

आता पेपर उघडा. ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे सुरुवातीचा सारांश वाचू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. सरळ मेथड्समध्ये जा आणि तीन गोष्टींच्या वेळा शोधा, धमनी कधी बंद केली, कधी उघडली आणि औषध कधी दिलं. त्या तिन्ही वेळांची रेघेवर खूण करा. औषधाची खूण शून्याच्या डावीकडे पडली तर तो पेपर यंत्रणा समजून घ्यायला चांगला असू शकतो, उपचार म्हणून त्याचा विचार करू नका. धमनी उघडताक्षणी दिलं असेल तर थोडं बरं, कारण आता माणसातही गुठळी काढतानाच औषध देता येतं. ३ तास, ६ तासांनी देऊनही फरक पडला असेल तर मी खुर्चीत नीट बसतो.

ही वेळ इतकी महत्त्वाची का, तर माणसात जे चाललं त्यातही सगळा खेळ वेळेचाच आहे. टीपीए म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध, १९९५ च्या ट्रायलमध्ये ६२४ रुग्णांवर ३ तासांच्या आत देऊन फायदा दिसला, २००८ मध्ये ती खिडकी साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ मध्ये एका वर्षात पाच ट्रायल आल्या ज्यात कॅथेटर घालून गुठळी ओढून काढल्यावर रुग्ण स्पष्ट सुधारले, आणि २०१८ पर्यंत स्कॅनवर पेनम्ब्रा शिल्लक दिसत असेल तर २४ तासांपर्यंतही ते करता येतं हे सिद्ध झालं. हे दोन्ही उपचार नळ उघडायचे आहेत. न्यूरॉनला आतून वाचवायचं जे स्वप्न आहे, न्यूरोप्रोटेक्शन, त्यात २००६ पर्यंत १,०२६ उपाय प्रयोगशाळेत तपासून झाले होते आणि त्यातले ११४ माणसांपर्यंत पोचले होते असं एका मोजणीत आलं. जगभरात रोजच्या वापरात बसेल असं त्यातून काही निघालं नाही. जपानने एडारावोनला २००१ मध्ये परवानगी दिली, तो अपवाद, पण अमेरिका आणि युरोपने ते स्ट्रोकसाठी उचललं नाही. एक कारण साधं होतं, धमनी बंदच असेल तर औषध पेनम्ब्रापर्यंत जाणार कसं, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून आता गुठळी काढल्यामुळे जुन्या औषधांना दुसरी संधी मिळतेय.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो आणि विद्यार्थी सगळ्यात जास्त इथेच चुकतात. पेपरमध्ये एक रेणू खलनायक म्हणून येतो, लगेच मनात पक्कं होतं की हा वाईट, याला दाबा. पण तोच रेणू रेघेवर उजवीकडे सरकला की वागणं बदलतो.

एमएमपी-९ घ्या. हा प्रोटीन कापणारा एन्झाइम, पहिल्या तासांत ब्लड ब्रेन बॅरियरच्या भिंतीचं सिमेंट खातो, सूज आणि रक्तस्राव वाढवतो, तेव्हा दाबला तर फायदा. पण २००६ च्या एका कामात उंदीरवर्गीय प्राण्यांत तोच ७ व्या दिवशी दाबला तर सुधारणा बिघडली, कारण नव्या रक्तवाहिन्यांना वाट काढायला तेव्हा हाच एन्झाइम लागतो. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रोटीनचंही तसंच, सुरुवातीला दिलं की वाहिन्या गळतात, नंतर तेच नव्या वाहिन्या उगवतं. आणि गाबाचं उदाहरण तर मी प्रत्येक नव्या मुलाला देतोच. स्ट्रोकनंतर मेलेल्या भागाच्या कडेला न्यूरॉनवर गाबाचा, म्हणजे त्यांना शांत करणाऱ्या निरोप्या रेणूचा, सततचा ब्रेक बसतो. २०१० मध्ये क्लार्कसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा ब्रेक तिसऱ्या दिवसापासून सैल केला तर उंदरांचे पाय जास्त चांगले चालायला लागतात, पण तेच औषध स्ट्रोकच्या वेळेलाच दिलं तर मेलेला भाग मोठा होतो. एकच रेणू, एकच औषध, तीन दिवसांचा फरक. त्यामुळे पेपरमध्ये "अमुक वाढतं" असं वाक्य दिसलं की शेजारी पेन्सिलने लिहा, कधी? उत्तर नुसतं "२४ तासांनी मोजलं" असेल तर लेखकांना त्या एका क्षणाचा फोटो मिळालाय, पिक्चर नाही.

मग मॉडेल बघा. पेशींवरचं काम असेल तर तिथे ओजीडी हा शब्द असणार, म्हणजे डिशमधल्या पेशींचा ऑक्सिजन आणि ग्लुकोज काढून घेणं. पेशी कुठल्या हे आवर्जून बघा. उंदराच्या गर्भातून काढलेले खरे न्यूरॉन असतील तर ठीक, पण पुष्कळ पेपर पीसी१२ वापरून बिनधास्त न्यूरॉन लिहितात, त्या पेशी मुळात उंदराच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या ट्यूमरमधून आल्यात. एसएच-एसवाय५वाय पण कॅन्सरच्याच पेशी, न्यूरोब्लास्टोमाच्या. वापरू नये असं नाही, स्वस्त आणि सोप्या आहेत, पण कॅन्सरची पेशी मरायला मुळातच नाखूश असते हे ध्यानात ठेवा. शिवाय डिशमध्ये रक्त नाही, बॅरियर नाही, टी सेल नाहीत.

प्राण्यांत बहुतेक वेळा एमसीएओ असतं, मानेतल्या धमनीतून बारीक फिलामेंट आत सरकवून मेंदूची मधली धमनी अडवायची, उंदरात अर्धा ते एक तास ठेवून ओढून काढायची, कोइझुमींनी १९८६ मध्ये आणि लोंगाने १९८९ मध्ये ही पद्धत बसवली. फिलामेंट काढलं की रक्त एकदम धाडकन परत येतं. गुठळी आपोआप हळूहळू विरघळते तेव्हा असं होत नाही, पण कॅथेटरने ओढून काढल्यावर बरंचसं असंच होतं, म्हणून हे मॉडेल आज उलट जास्त उपयोगाचं झालंय असं माझं मत. दुसरं फोटोथ्रॉम्बोटिक, रोज बेंगॉल नावाचा रंग शिरेत सोडून कवटीवरून प्रकाश टाकायचा, तिथेच गुठळ्या होतात. जखम नीटनेटकी, दर वेळी सारखीच, पण पेनम्ब्रा अगदी कमी, म्हणून दुरुस्तीच्या अभ्यासाला छान आणि न्यूरोप्रोटेक्शनला जवळपास निरुपयोगी. (गाबाचं काम याच मॉडेलमधलं होतं, आणि तिथे ते शोभतं.) मॉडेल बदललं की निकाल बदलतो याचा सुंदर पुरावा २०१५ चा आहे. सहा लॅबनी मिळून, माणसांच्या ट्रायलसारखी रँडम वाटणी (कुठला प्राणी कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणं) आणि ब्लाइंडिंग (कुणाला औषध दिलंय हे मोजणाऱ्याला न सांगणं) करून एक अँटिबॉडी तपासली, जी टी सेलसारख्या पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू देत नाही. कॉर्टेक्समधल्या लहान कायमच्या जखमेत फायदा झाला, फिलामेंटच्या मोठ्या जखमेत झाला नाही. त्याच रेणूला अडवणारी माणसांसाठीची अँटिबॉडी, नॅटालिझुमॅब, रुग्णांना दिली तेव्हाही इन्फार्क्ट, म्हणजे मेलेला भाग, काही आटोक्यात राहिला नाही.

पेशी कुठली यावर एक परिच्छेद पुरे, नाहीतर मी थांबणार नाही. मायक्रोग्लियाबद्दल एम१ वाईट आणि एम२ चांगला अशी आकृती असलेला पेपर दिसला तर जरा सावध, सिंगल सेल आरएनए सिक्वेन्सिंग, म्हणजे एकेका पेशीत कुठली जनुकं चालू आहेत ते वाचणं, आल्यापासून हे दोन कप्पे टिकत नाहीत, एकाच वेळी एकाच पेशीत दोन्हीकडचे मार्कर सापडतात. आणि न्यूरॉन एकटा वाचत नाही हेही. २०१६ मध्ये हायाकावा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ॲस्ट्रोसाइट, म्हणजे न्यूरॉनला आधार देणाऱ्या शेजारच्या पेशी, स्वतःचे मायटोकॉन्ड्रिया बाहेर सोडतात आणि घायाळ न्यूरॉन ते आत घेतात, सीडी३८ या प्रोटीनचा त्यात हात आहे. शेजाऱ्याने आपलं इन्व्हर्टर उचलून तुमच्या घरात आणून ठेवावं तसं. ते वाचलं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत जागा होतो.

आता चित्रांकडे. पहिलं चित्र बहुधा टीटीसी नावाच्या रंगाचं असतं, मेंदूचे काप, जिवंत भाग लाल आणि मेलेला पांढरा. लाल रंग मायटोकॉन्ड्रियातल्या एन्झाइममुळे येतो, म्हणजे तो फक्त एवढंच सांगतो की एन्झाइम चालू आहेत. २४ तासांना बरं चालतं, पण काही दिवसांनी बाहेरून आलेल्या दाहाच्या पेशी त्या मेलेल्या भागात भरतात आणि त्यांचे मायटोकॉन्ड्रिया चालू असतात, मग पांढरा भाग उगाच कमी दिसतो. दुसरं, सुजेमुळे अर्धगोल फुगतो, त्याची वजाबाकी केली का ते मेथड्समध्ये बघा, नाहीतर औषधाने फक्त सूज उतरवली असेल आणि पेपर म्हणेल न्यूरॉन वाचले. आणि कापांच्या खाली आलेख असतो, त्यात प्रत्येक उंदराचा ठिपका वेगळा दाखवलाय का बघा, नुसते खांब काढले असतील तर मी डोळे बारीक करतो.

एवढ्यावर थांबू नका. फायदा खरंच औषधाचाच की दुसऱ्या कशाचा? यासाठी तापमान शोधा. एमके-८०१ हे एनएमडीए रोखणारं औषध जर्बिल नावाच्या प्राण्यात मेंदू वाचवतं असं वाटत होतं, १९९० मध्ये बुकन आणि पुल्सिनेलींनी दाखवलं की औषधाने प्राणी तासन्‌तास थंड पडत होते आणि थंडीच मेंदू वाचवत होती. म्हणून गुदद्वारातलं तापमान नोंदवलं नसेल तर त्या पेपरला मी तिथेच दोन मार्क कमी देतो. भूल कुठली होती तेही बघा, आयसोफ्लुरेन स्वतःच थोडं संरक्षण देतं.

घड्याळाचा अजून एक अर्थ आहे जो आम्ही वर्षानुवर्षं विसरलो. उंदीर रात्री जागतो. लॅब दिवसा चालते. म्हणजे आपण उंदराला त्याच्या झोपेच्या वेळेत स्ट्रोक देतो, आणि माणसांच्या बऱ्याच ट्रायलमध्ये लोकांना स्ट्रोक आलेला असतो जागेपणी. २०२० मध्ये एका कामात तीन जुने न्यूरोप्रोटेक्टंट उपाय तपासले, तिन्ही दिवसा उंदरात चालले आणि रात्री चालले नाहीत. इतकी साधी गोष्ट. आता मी मेथड्समध्ये सर्जरी किती वाजता केली तेही शोधतो, आणि बहुतेक वेळा सापडत नाही.

उंदीर कसले होते? तरुण, धडधाकट, बहुतेक वेळा नर. स्ट्रोकचा रुग्ण म्हातारा, बीपी आणि शुगर असलेला, आणि निम्म्या वेळा बाई. हा नुसता न्यायाचा प्रश्न नाही, रेणूंचा आहे, कारण २००५ मध्ये दिसलं की पार्प-१ हा पेशीमृत्यूचा रस्ता बंद केला तर नर उंदरांचा मेंदू वाचतो आणि माद्यांचं नुकसान उलट वाढतं. मादी न तपासता कुणी पार्पवरचं औषध विकायला निघालं तर काय होईल विचार करा.

रँडम वाटणी आणि ब्लाइंडिंग हे शब्द शोधायला एक मिनिट लागतं, ते मिनिट द्याच. एनएक्सवाय-०५९ ची गोष्ट यासाठीच सांगतात. फ्री रॅडिकल पकडणारं औषध, प्राण्यांत झकास, २००६ च्या पहिल्या मोठ्या ट्रायलमध्ये थोडा फायदा, २००७ च्या दुसऱ्या आणि त्याहून मोठ्या ट्रायलमध्ये शून्य. नंतर प्राण्यांचे प्रयोग पुन्हा तपासले तेव्हा कळलं की जिथे रँडम वाटणी आणि ब्लाइंडिंग होतं तिथे फायदा लहान होता आणि जिथे नव्हतं तिथे मोठा. आणि न छापलेल्या प्रयोगांचं काय? २०१० मध्ये प्राण्यांवरचे ५२५ स्ट्रोक पेपर गोळा करून बघितले, त्यातल्या फक्त १० पेपरनी इन्फार्क्टवर काही परिणाम झाला नाही असं लिहिलं होतं. इतके सगळे उपाय चालत असते तर आमची न्यूरॉलॉजी वॉर्डं रिकामी असती.

शेवटी, हा रेणू माणसापर्यंत जायला काय लागेल याचा अंदाज घ्या. नेरिनेटाइडचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. एनएमडीए रिसेप्टर पूर्ण बंद केला तर मेंदूचं रोजचं काम बंद पडतं, म्हणून टिमियान्स्कींच्या गटाने रिसेप्टर तसाच ठेवून त्याच्या आत जोडलेला पीएसडी-९५ हा दुवा तोडायचा पेप्टाइड बनवला. हुशार कल्पना. २०१२ मध्ये माकडांतही चालला. २०२० मध्ये १,१०५ रुग्णांची ट्रायल आली, एकूणात फायदा नाही, पण ज्यांना टीपीए दिलं नव्हतं त्यांच्यात दिसला, कारण टीपीएमुळे तयार होणारं प्लाझ्मिन हे एन्झाइम हा पेप्टाइडच कापून टाकतं. म्हणजे रक्तात आधी काय घातलंय हेही रेघेवर लिहायला हवं होतं. नंतर टीपीए न घेतलेल्यांचीच वेगळी ट्रायल केली, तीसुद्धा मुख्य निकषावर पास झाली नाही.

स्टेम सेलचं विचारतात लोक खूप, आणि तिथे सगळ्यांना पी हळद आणि हो गोरी हवं असतं. उंदरात मेसेन्कायमल सेल (बोनमॅरोसारख्या ठिकाणच्या स्टेम सेल) बरेचदा मदत करतात, पण त्या न्यूरॉन बनून जागा भरत नाहीत, बहुतेक करून त्या जे रसायन आणि एक्सोझोम म्हणजे सूक्ष्म पुड्या सोडतात त्यातून काम होतं. माणसात, भारतातल्या पाच केंद्रांमध्ये १२० रुग्णांना स्वतःच्याच बोनमॅरोच्या पेशी शिरेतून दिल्या होत्या, २०१४ मध्ये निकाल आला, सुरक्षित पण फायदा नाही. तुम्हाला कुणी पैसे घेऊन हे टोचतो म्हणत असेल तर ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागा, आणि ट्रायलमध्ये भाग घ्यायचे पैसे का पडतायत तेही विचारा.

आशा कुठे आहे ते सांगतो. अमेरिकेत स्पॅन नावाच्या जाळ्यात सहा लॅबनी सहा उपाय एकाच नियमाने तपासले, तरुण उंदीर, म्हातारे उंदीर, लठ्ठ उंदीर, बीपीवाले उंदीर, नर आणि मादी दोन्ही, आणि मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते माहीत नाही. २०२३ मध्ये निकाल आला, सहापैकी एकच टिकला, यूरिक ॲसिड. गाऊटवाला तोच. गंमत म्हणजे त्याची माणसातली ट्रायल २०१४ मध्येच झाली होती, ४११ रुग्ण, आणि मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नव्हता. आता चाळणीतून गेल्यामुळे त्याच्याकडे पुन्हा बघावंसं वाटतंय. सहातून एक उरणं वाईट वाटतं का? मला नाही वाटत, मी उलट त्या पाचांवर खुश आहे, ते उंदरातच गळाले.

पेपर संपला की पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलने सहा गोष्टी लिहितो, कधी दिलं, कुठलं मॉडेल, कुठली पेशी, नर की मादी आणि वय, तापमान, ब्लाइंड होतं का. एखादी जागा रिकामी राहिली तर सप्लिमेंट उघडतो, तिथेही नसेल तर लेखकांना मेल करतो, सरळ आणि नम्र, की औषध रिपर्फ्युजनच्या, म्हणजे रक्त परत सुरू होण्याच्या, आधी होतं की नंतर. बरेच जण उत्तर देतात. एकदा एका पोस्टडॉकने लिहिलं होतं, "आधी, पण तुम्ही पहिलेच आहात ज्यांनी विचारलं."